सरकीची खोली

अक्कलकोट रस्त्याचा माळ, सोलापूर
ता. २१ डिसेंबर १९२३

नागव्वा,

वर आधी ‘चि. सौ.’ लिहिलं होतं, ते खोडलं. हात सवयीनं गेला. त्याच्या जागी काय घालायचं ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिते. मी तुझी थोरली जाऊ आहे. नुसत्या नावानं हाक मारायचा माझा हक्क आहे आणि तू वळसंगला माहेरी जाऊन बसलीस म्हणून तो काही संपत नाही.

हे पत्र चनबसप्पाकडून वाचून घेऊ नकोस. भाऊ झाला तरी पुरुषमाणूस आहे, आणि यात बायकांचं पुष्कळ येणार. तू स्वतः वाच. दोन वर्षं चुलीपुढे बसून तुला अक्षरं शिकवली ती काय डब्यावरची नावं वाचायला? मोठं अक्षर काढते आहे. अडलं तर बोट ठेवून पुन्हा वाच, पण दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस.

शिवपुत्र भाऊजींना जाऊन आज बारा दिवस झाले आणि चनबसप्पा तुला घेऊन गेला त्याला नऊ. या नऊ दिवसांत तू एका शब्दानं कळवलं नाहीस, की जेवतेस का, झोपतेस का, पोटातलं हलतंय का. तुला पाचवा सरला असेल. आता हलायला पाहिजे. उताणी निजून पोटावर थंड तांब्या ठेव, म्हणजे कळेल. माझं तर आतून नुसतं लाथा झाडतं आहे. भाऊजी असते तर म्हणाले असते, वैनी, ह्यो तुमच्यावरच गेलाय.

आम्ही अजून माळावरच आहोत. मंगळवार पेठेतलं घर बंद आहे. म्युनिसिपालिटीची माणसं येऊन प्लेगचं औषध मारून गेली, ऊन आत यावं म्हणून माळवदाला दोन जागी भगदाड पाडलं आणि दारावर चुन्याची फुली ओढली. दुकानातली सरकी, पेंड सगळं पडून आहे. आमची झोपडी म्हणजे चार बांबू, बाजूला कडबा आणि वर तट्टे. वारा आरपार जातो. अव्वा एका कोपऱ्यात, मी एका कोपऱ्यात आणि हे बाहेर. पाणी लांबच्या विहिरीवरून आणायचं. मला घागर उचलू देत नाहीत, पण आडोशाला जायला चाळीस पावलं चालावं लागतं आणि या दिवसांत किती वेळा जावं लागतं ते तुला सांगायला नको.

या माळावर दोन जिवांच्या बायका माझ्यासकट सहा आहेत. सकाळी उठलं की सगळ्यांचं पहिलं काम एकच. काखेत हात घालायचा, जांघेत हात घालायचा, गाठ लागते का बघायचं. दिवस भरत आले की जांघा तशाही दुखतात, मग रोज सकाळी मेल्यासारखं होतं आणि थोड्या वेळानं कळतं की हे पोटाचंच दुखणं आहे. कुणी कुणाला विचारत नाही. विहिरीवर एकमेकींची तोंडं बघायची, तोंडावर कळतंच. मला माती खायचे डोहाळे लागलेत आणि तेही आपल्या घराच्या भिंतीची, पाणी शिंपडलेली. इथली माती मी चाखून बघितली. तिला चव नाही.

अव्वा तुला जे बोलल्या ते लेकाच्या दुःखात बोलल्या. “तू सुई घेतली न्हाईस, माज्या लेकालाबी घेऊ दिली न्हाईस,” असं प्रेतासमोर म्हणायला नको होतं. पांढऱ्या पायाची तर म्हणायलाच नको होतं. पण तूही समजून घे. उंदीर पडला की घर सोडायचं हे सोलापुरात लहान पोरालासुद्धा ठाऊक आहे. आपल्या घरात उंदीर पडला नाही, गल्लीत पडला नाही, आणि चांगला हिंडताफिरता माणूस चार दिवसांत गेला. मग दोष कुठंतरी टाकायलाच लागतो. हे म्हणतात, अडत्याच्या वखारीतून दुखणं आणलं असेल. असेलही.

आणखी एक. भाऊजींना आपल्या रीतीनं बसतं केलं होतं, विभूती लावली होती, तू त्यांचा हात धरून बसली होतीस. आपल्यात सूतक मानत नाहीत, सगळी गल्ली पायाला हात लावून गेली. मी मात्र दाराबाहेर उभी राहिले. तू माझ्याकडे बघितलंस ते मी बघितलं. मला आठवा होता, म्हणून लांब राहिले. दुसरं काही नाही.

माझ्या डोळ्यांपुढं भाऊजी येतात ते तसे बसवलेले येत नाहीत. पोटातल्याला लिंग बांधलं त्या माझ्या लिंगधारणाच्या आदल्या दिवशी केसांत कापूस घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते ना, तसे येतात. आपण दोघी किती हसलो होतो.

उत्तर लिही. चार ओळी लिही. चुकलं तर चुकू दे.

तुझी अक्का,
ईरम्मा


माळ, सोलापूर
ता. २ जानेवारी १९२४

नागव्वा,

तुझं उत्तर नाही. पोस्टमन माळावर येतो, बाभळीखाली उभा राहून नावं पुकारतो आणि जवळ न येता पत्रं दगडाखाली ठेवून जातो. मी रोज त्या दगडापर्यंत जाऊन येते. अव्वा म्हणतात, पोटुशीला चालणं चांगलं, म्हणून त्यांना काही विचारावंसं वाटत नाही.

आमच्या शेजारी फुलाबाई म्हणून धनगराची बाई आहे. शेळ्यामेंढ्या आहेत, सुईणपण करते. तिची सून मायाक्का माझ्याएवढीच, आठवा सरत आलेला. रोज शेण घेऊन माझ्या झोपडीपाशी यायची आणि उगीच बसायची. मला म्हणायची, तुमाला वाचता येतंय तर औषधाच्या कागदावर काय लिवलंय सांगा की. मागचं पत्र लिहिलं त्या शुक्रवारी ती आली नाही. शनिवारी कळलं, ताप आहे. रविवारी सकाळी पोट गेलं. मुलगा होता. संध्याकाळी ती गेली.

मी फुलाबाईकडे जाऊ शकले नाही. बुधवारी ती स्वतः आली आणि लांब बसली. रडली नाही. म्हणाली, “आदी प्वाट जातं, मग बाई जाती. लई बघितल्या म्या. ह्ये दुखणं लेकराला आदी धरतंय.” मग माझ्या पोटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, तुमचं मी करीन, दुसरी सुईण बघू नका. मला तिच्या हाताची भीती वाटते आणि तिच्याशिवाय कुणी नको असंही वाटतं.

आता माळावर आम्ही पाचजणी राहिलो.

चार दिवसांपूर्वी दवाखान्याचा डॉक्टर पेटी घेऊन आला होता. सुई टोचून घ्यायला पुरुष रांगेत उभे राहिले. बायका कडब्यामागे लपल्या. मीही लपणार होते. मग मायाक्का आठवली आणि मी जाऊन दंड पुढे केला. डॉक्टर म्हणाला, भरत आलेले दिवस आहेत, ताप येईल, घाबरू नका. ताप आला. दोन दिवस जांघा चाचपत पडून होते. पोटातलं निपचित होतं आणि मी त्याला हाका मारत होते. मग हललं.

सुई घेतली आणि पोट पडलं नाही, म्हणून आता तुला हे सांगायलाच पाहिजे. सुईनं पोट पडतं हे तुला कुणी सांगितलं होतं? मीच. परसातल्या हौदापाशी, तू भांडी घासत होतीस तेव्हा. मी म्हटलं होतं, कुंभार वेशीतल्या एका बाईचं तिसऱ्या दिवशी पडलं. तशी कुणी बाई मला ठाऊक नाही. बायका मोघम बोलत होत्या, त्यात नाव-गाव मी घातलं. कारण अव्वा म्हणाल्या होत्या, धाकटी सुई घ्यायला गेली तर थोरलीनंही जायचं. मला सुईची भीती वाटत होती. पोटातली तीन गेल्यावर हे चौथं होतं, नागव्वा. तू गेली नाहीस तर मलाही जावं लागणार नाही, एवढाच माझा हिशोब होता.

तू रडून बसलीस आणि भाऊजी म्हणाले, हिला एकटीला भ्या वाटतंय तर मीबी न्हाय घेत. ते असं म्हणतील हे माझ्या मनात नव्हतं.

अव्वांना हे मी अजून सांगितलेलं नाही. बाळंत झाले की सांगेन. तुला मात्र सांगितलं. मनात होतं ते एवढंच होतं. आता तरी लिही.

ईरम्मा


माळ, सोलापूर
ता. १३ जानेवारी १९२४

नागव्वा,

काल चनबसप्पा आला होता. तुझी पेटी मागायला आला असं म्हणाला, पण पेटीसाठी एवढ्या लांब कुणी येत नाही. अव्वांपुढे बसला आणि सांगायला लागला, की तू भाकरी पुढे घेऊन बसतेस आणि तशीच उठतेस, दिवसभर एकच वाक्य बोलतेस, मी त्यांना मारलं. झोपेतसुद्धा तेच. हात वाळले आहेत, पोट तेवढं दिसतं.

मी कुडाच्या आत होते, सगळं ऐकू येत होतं.

मग त्यानं खरं काम काढलं. म्हणाला, फेब्रुवारी सरता सरता तिला आठवा लागेल, तेव्हा तुमच्या मठाचे अय्या वळसंगला धाडा. पोटातल्या लेकराला बापाच्या घरच्या गुरूचं लिंग मिळू द्या. हात जोडून म्हणाला. अव्वा म्हणाल्या, “जे बापाला खाऊन येतंय ते आमचं न्हवं. अय्या येणार न्हाईत.” हे मान खाली घालून बसले होते. चनबसप्पा पेटी न घेताच उठला. जाताना कुडाकडे बघून म्हणाला, अक्का, तुमी तरी सांगा की. मी आतून ओ सुद्धा दिली नाही.

रात्रभर तेच डोक्यात आहे. तुला माझ्या मुलीचं कुणी नीट सांगितलेलं नसेल, तुझ्या लग्नाआधीची गोष्ट. पहिली दोन तर महिने भरायच्या आतच गेली. तिसरीला आठवा लागला, पण तेव्हा गड्ड्याची जत्रा होती, घरात पाहुण्यांची रीघ, म्हणून अव्वांनी लिंगधारण पंधरा दिवस पुढे ढकललं. त्या पंधरा दिवसांत ती आली. गेलेलीच आली. डोक्यावर एवढे केस होते. अय्यांना निरोप गेला तेव्हा ते म्हणाले, जिच्या नावानं लिंगच बांधलं नाही तिचा विधी कसला करायचा. म्हणून विभूती नाही, मंत्र नाही, आपल्या लोकांच्या जागेत जागा नाही. यांनी टोपलीत घालून कुठंतरी नेली. कुठं नेली ते मला आजवर सांगितलेलं नाही. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

या खेपेस मी ठरवलं होतं, जगो न जगो, माझ्या लेकराला त्याचं लिंग मिळाल्याशिवाय राहायचं नाही. सोमवार, तीन डिसेंबर. हा दिवस मी दोन महिने आधीपासून मोजत होते. जग इकडचं तिकडं झालं तरी तो सोमवार मी पुढं जाऊ देणार नव्हते.

त्या सोमवारी काय झालं ते तुला ठाऊक आहे. पुरण तूच केलं होतंस. रविवारचं

इथून पुढचं पान मी चुलीत घातलं. एकदा लिहिलं होतं.

भाकरी खा. माझ्यावर राग धर, पण भाकरी खा.

ईरम्मा


माळ, सोलापूर
ता. ७ फेब्रुवारी १९२४

नागव्वा,

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. फुलाबाईची मेंढरं वळसंगच्या बाजूला चालली आहेत, ती तुझ्याच हातात देईल. तिला वाचता येत नाही, पण यात काय आहे ते तिला ठाऊक आहे. आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. तुला शेवटी कळतंय, हीही माझीच चूक.

२२ जानेवारीला मी बाळंत झाले. मुलगा आहे. जिवंत आहे. फुलाबाईनं केलं. बाहेर काढला आणि तिचं तोंड वाकडं झालं, मग तिनं त्याला उलटा धरून पाठीत थापटलं आणि तो रडला. आठव्यात बांधलेलं लिंग त्याच्या अंगाला लावलं. मला वाटलं होतं, हे एवढं झालं की माझं भय संपेल. संपलं नाही. त्याला दूध पाजताना तुझे वाळलेले हात दिसायचे, जे मी बघितलेसुद्धा नाहीत.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, आपल्या घरात उंदीर पडला नाही. ते खोटं होतं. पडला होता. रविवारी, दोन डिसेंबरला, सकाळी. सरकीच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी बायका कुठं बसवायच्या ते बघायला मी आत गेले आणि उजव्या भिंतीच्या पोत्यांमागं तो दिसला. ताजा होता. तोंडाशी रक्त होतं.

मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला ठाऊक होतं. ओरडले असते तर तासाभरात घर सोडून माळावर आलो असतो आणि सोमवार गेला असता. अव्वा म्हणाल्या असत्या, पुढच्या पंधरवड्यात बघू. मला पंधरवडा हा शब्द ऐकवत नाही. मी मनाशी म्हटलं, एकच दिवस. उद्या लिंग बांधून होऊ दे, मग मीच सांगते की उंदीर दिसला. जुन्या सुपात घालून त्याला परसात नेला आणि उकिरड्यात पुरला. सूप आणि केरसुणी चुलीत घातली. तू मला विचारलंसही, अक्का, कसला वास येतोय. मी म्हटलं, ओलं जळण आहे.

पुढचं याहून वाईट आहे. बायका त्याच खोलीत बसणार होत्या. पोती हलवून जागा झाडायला हवी होती. मला आत पाऊल टाकायचं नव्हतं, पोटाला धरून मी अंगणात आले. हे दुकानात होते. भाऊजी ओट्यावर बसून तुझ्या पुरणाची वाट बघत होते. मी त्यांना म्हटलं, तेवढी पोती सोप्यात आणून टाका.

त्यांना का म्हटलं? ते नाही म्हणत नाहीत म्हणून. त्यांनी सुई घेतलेली नाही, हे मला त्या वेळी आठवत होतं का? नागव्वा, मी रोज स्वतःला विचारते. आठवत होतं.

मी दारापासून लांब उभी होते. पोतं खांद्यावर घेऊन जाताना ते म्हणाले, वैनी, आज लई लांबनं हुकूम सोडताय. दहा-बारा पोती होती. सगळी काढली, खोली झाडली, आणि केसांत कापूस घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. आपण हसलो ते तेव्हाच. तू त्यांचे केस झाडत होतीस आणि ते वाकून पायाची नडगी खाजवत होते. म्हणाले, “पिसवा लई झाल्यात की तितं. पाय फोडून खाल्ला माजा.”

तू ते ऐकलं नसशील. मी ऐकलं. मेलेल्या उंदराच्या पिसवा माणसाला चावल्या की काय होतं ते दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं मी वाचलं होतं. मी तेव्हासुद्धा बोलले नाही. पाय धुऊन घ्या एवढंच म्हणाले. सोमवारी लिंग बांधलं. मंगळवारी सांगणार होते, तर मंगळवारी मला वाटलं, काही झालेलं नाही तर कशाला सांगा. गुरुवारी त्यांना ताप आला. मग सांगायची वेळ निघून गेली.

पुढं तू रडायला लागलीस, अव्वांनी तुझं नाव घेतलं, आणि मला सुटल्यासारखं झालं. हेही लिहिते. मला सुटल्यासारखं झालं.

या सोमवारी बारसं होतं. झोपडीबाहेर पाळणा टांगला होता. माळावरच्या बायका आल्या होत्या, अय्या आले होते. अव्वांना दोन महिन्यांत पहिल्यांदा हसताना बघितलं. त्या म्हणाल्या, “माजा शिवपुत्र परत आला. त्येचंच नाव ठिवायचं.” आणि नाव सांगायला पाळण्यात वाकल्या. मी त्यांच्या आणि पाळण्याच्या मधे हात घातला आणि सगळं सांगितलं. उंदीर, सूप, पोती, पिसवा. सुईचं पण सांगितलं. अय्यांसमोर, फुलाबाईसमोर, सगळ्यांसमोर.

मला वाटलं होतं मारतील. अव्वा ओरडल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं, “कुटल्या पोत्यामागं हुता?” मी म्हटलं, उजव्या भिंतीच्या. त्यांनी मान हलवली, जसं काही त्यांना एवढंच कळायचं राहिलं होतं. मग बाहेर जाऊन झोपडीकडे पाठ करून बसल्या. त्या अजून माझ्याशी बोललेल्या नाहीत. हे सुद्धा नाहीत. हे भाकरी घेऊन बाभळीखाली जातात. एकदाच म्हणाले, हे पत्र लिहू नको, झालं ते झालं, उद्या या मुलाला गल्ली काय म्हणेल. मी म्हटलं, नागव्वाच्या मुलाला म्हणू दे का?

अय्या तुझ्याकडे येतील. मी पायांवर डोकं ठेवून विचारलं, वळसंगला जाल का. ते म्हणाले, “आटव्यातल्या सोमवारी जातो. तुज्या मुलीच्या वेळी आमी जे बोललो तेबी आता आमच्यावर हाय.” दहा मार्चचा सोमवार धरला आहे. चनबसप्पाला सांग, पुढं ढकलू नका.

आणि दवाखान्यात जाऊन सुई घे. मी घेतली, माझं लेकरू पाळण्यात आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेव असं कोणत्या तोंडानं म्हणू? फुलाबाईला विचार. तिनं बघितलंय.

क्षमा मागत नाही. तू ती दिलीस तर मला खरी वाटायची नाही. तू मारलं नाहीस, एवढं वाच. पुन्हा पुन्हा वाच. मोठं अक्षर काढलं आहे.

पाळण्यातल्याला अजून नाव नाही.

ईरम्मा


वळसंग
ता. १२ मार्च १९२४

अक्का,

पत्र पोचलं. मी सोता वाचलं. चार दिवस लागले. अण्णाला दिलं न्हाय.

सुई घेतली. फुलाबाई माझ्यासंगं आली. ताप आला आनि गेला.

परवा सोमवारी अय्या आले. लिंग बांधलं. अव्वापन आल्या हुत्या, बैलगाडीतनं. माझ्या पायाशी बसून राहिल्या आनि अय्यांसंगं परत गेल्या.

तुमी लिवलं मी ऐकलं नसेल. मी ऐकलं हुतं. पिसवा चावल्या म्हनले ते. मी म्हनलं, आता आंघूळ करा. मला काय ठावं. त्यांच्या केसातला कापूस मी काढत हुते तवा तुमी समोर उभ्या हुता. तुमी लई हसला. मला आता तेच दिसतंय.

तीन म्हैने मी रोज म्हनत हुते मी त्यांना मारलं. आता म्हनत न्हाय. ते आता तुमी म्हना.

तुमच्या लेकाला शिवपुत्र नाव ठिवू नका. त्या नावाचं लेकरू माझ्या पोटात हाय. दुसरं कायबी ठिवा. ते जगू दे.

भाकरी खाते.

मला आता पत्र धाडू नका. आलं तर मी वाचनार, म्हनून धाडू नका.

नागव्वा